पहिल्या झटक्याच्या रात्री काढलेल्या रक्ताबद्दल

प्रति,
आकस्मिक उपचार विभागांचे प्रमुख, त्या विभागांत रात्रपाळी करणारे निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांस

विषय : प्रौढ व्यक्तीला आयुष्यात प्रथमच झटका आल्यावर करावयाची क्षारतपासणी

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करणारी डॉक्टर आहे. आपली आणि माझी ओळख बहुधा आवाजापुरतीच असते. रात्री अडीचच्या सुमारास मी फोन लावते, एक आकडा सांगते, पलीकडचे कोणीतरी तो पुन्हा उच्चारून खात्री करून घेते आणि फोन ठेवला जातो. त्या आकड्याचे पुढे काय झाले हे मला सहसा कळत नाही. तो ज्या नमुन्यातून आला, तो नमुना कधी, कोणत्या हातातून आणि काय चालू असताना काढला गेला, हेही बहुतेक वेळा कळत नाही. पहिली गोष्ट माझ्या कामाचा भाग म्हणून मी स्वीकारली आहे. दुसरीबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती फोनवर सांगण्याइतकी लहान नसल्यामुळे हे खुले पत्र लिहीत आहे.

प्रौढ व्यक्तीला पहिल्यांदाच फिट आली की आमच्याकडे येणारा अर्ज जेमतेम एका ओळीचा असतो : "झटका. क्षार तपासणे." क्षार म्हणजे सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड, असे आपण आणि आम्ही मिळून सवयीने ठरवून टाकले आहे. गंमत अशी, की या तिघांपैकी पोटॅशियम आणि क्लोराइड हे झटक्याचे कारण जवळजवळ कधीच नसतात. आणि जे कारण असू शकतात, ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, या संचात नसतातच. पोटॅशियम कमी-जास्त झाल्याचा घाव पडतो तो हृदयावर आणि स्नायूंवर. हृदयाची लय बिघडून शुद्ध हरपली आणि हातपाय काही सेकंद झडले, तर बघणाऱ्याला ती फिटच वाटते, म्हणून पोटॅशियम पाहावे हे खरे आणि इसीजी तर काढावाच. पण मेंदूतून उठलेल्या झटक्याचे मूळ तिथे शोधण्यात अर्थ नाही.

माझी मागणी थोडक्यात अशी आहे. पहिल्या झटक्यानंतरचा पहिला नमुना सलाइन लावण्याच्या आधी घेतला जावा. त्यात साखर आणि सोडियमबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन मागितले जावे. आणि त्या नमुन्याचा अर्थ लागेपर्यंत रुग्णाच्या कागदावर 'अपस्मार' हा शब्द कोणीही लिहू नये.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण रुग्णाच्या दृष्टीने तोच सर्वांत महाग पडतो. एक झटका म्हणजे अपस्मार नव्हे, हे आपण सर्वांनी शिकलेले आहे. अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने 2014 मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार, कोणत्याही तात्कालिक चिथावणीशिवाय, म्हणजे झटका घडवणाऱ्या तात्पुरत्या कारणाशिवाय आलेले आणि परस्परांपासून 24 तासांहून अधिक अंतराने घडलेले किमान दोन झटके असावे लागतात. किंवा असा एकच झटका असला तरी पुढील दहा वर्षांत दुसरा येण्याची शक्यता किमान 60 टक्के आहे असे दाखवता यावे लागते. किंवा अपस्माराचा एखादा ठरावीक लक्षणसमूह ओळखता यावा लागतो. सोडियम 110 पर्यंत घसरलेले असताना आलेला झटका यांपैकी कशातच बसत नाही. तो लक्षणरूप झटका आहे, आणि सोडियम पुन्हा तेवढे खाली गेले नाही तर तो पुन्हा येण्याचे कारणही नाही. मात्र एकदा 'अपस्मार' हा शब्द डिस्चार्ज कार्डावर चढला की तो खाली उतरत नाही. वाहन चालवण्याचा परवाना, नोकरी, विमा, लग्नाची बोलणी या सगळ्यांत तो शब्द रुग्णाच्या पुढे चालतो, आणि नको असलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. अमेरिकेतील आकस्मिक वैद्यक तज्ज्ञांच्या महाविद्यालयाने 2014 मध्ये हेच सांगितले, की चिथावणीमुळे आलेल्या पहिल्या झटक्यासाठी आकस्मिक विभागातच झटकारोधक औषध सुरू करण्याची गरज नाही. चिथावणी कोणती हे शोधावे आणि तिच्यावर उपचार करावेत.

आता सोडियम. या विषयातील बहुतेक चुका इथेच होतात, आणि त्यांतील निम्म्या आकडा न पाहिल्यामुळे नव्हे, तर आकडाच फक्त पाहिल्यामुळे होतात.

रक्तातील सोडियम साधारण 135 ते 145 मिलिमोल प्रति लिटर असते. ते घसरले की रक्त मेंदूच्या पेशींपेक्षा पातळ होते आणि पाणी पेशींत शिरते. इतर अवयव सुजले तर पसरायला जागा असते. मेंदूभोवती मात्र हाडाची कवटी आहे. ही घसरण काही तासांत झाली तर पेशींना सावरायला वेळ मिळत नाही, दाब वाढतो आणि 120 ते 125 च्या आसपासही झटका येऊ शकतो. हीच घसरण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू झाली, तर पेशी आपल्यातील पोटॅशियम आणि काही सेंद्रिय रेणू बाहेर टाकून पाण्याचा लोंढा थोपवतात, आणि 114 सोडियमचा माणूस थोडा मंद, थोडा अडखळत, पण स्वतःच्या पायांनी आपल्या विभागात चालत येतो. म्हणून आकड्यापेक्षा तो आकडा किती वेळात तिथे पोहोचला हे अधिक महत्त्वाचे, आणि ते कोणतेही यंत्र सांगत नाही. ते नातेवाइकांना विचारावे लागते. 48 तासांच्या आतली घसरण तीव्र आणि त्याहून जुनी किंवा वेळ न कळलेली दीर्घकालीन समजावी, असा प्रघात आहे. झटका आला म्हणजे मेंदूवर सूज आहे असे धरून, घसरण जुनी असली तरी सुरुवातीचा उपचार थांबवायचा नसतो, हेही त्यातच आले.

एक प्रसंग सांगते. साठी ओलांडलेल्या, अंगाने अगदी बारीक अशा एका बाईंना पहाटे घरात झटका आला. आमच्या यंत्राने सोडियम 111 दाखवले. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या निवासी डॉक्टरांनी मला सांगितले, की रुग्णाला कसलाही आजार नाही आणि "फक्त ब्लडप्रेशरची गोळी" चालू आहे. ती गोळी कोणती, असे मी विचारल्यावर माहिती काढण्यात आली. थायझाइड गटातील, लघवी वाढवणारी ती गोळी अठरा दिवसांपूर्वीच सुरू झाली होती. वयस्कर, कमी वजनाची स्त्री आणि नवे थायझाइड ही जोडी सोडियमच्या बाबतीत पाठ्यपुस्तकी आहे. तरीही 'फक्त' या शब्दाखाली ती दडून राहिली होती, आणि डिस्चार्जच्या वेळी तीच गोळी पुन्हा लिहून दिली गेली असती. औषधांची यादी विचारताना म्हणूनच नावांबरोबर प्रत्येक औषध कधीपासून सुरू आहे हेही विचारावे. थायझाइडखेरीज नैराश्यावरील सेरोटोनिन वाढवणारी औषधे, रात्रीच्या लघवीसाठी दिलेले डेस्मोप्रेसिन, आणि दैवाचा खेळ म्हणजे मज्जातंतूंच्या वेदनांसाठी दिलेली कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही स्वतः झटकारोधक असलेली औषधेही सोडियम उतरवतात. औषधे नसतील तर सतत पाणी पिण्याचा मानसिक विकार, लांब पल्ल्याच्या शर्यतीत घामापेक्षा जास्त प्यायलेले पाणी, उलट्या, अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीची किंवा थायरॉइडची दुर्बलता, फुप्फुसातील गाठ, आणि मेंदूचाच आजार हे सगळे शोधावे लागते.

उपचाराबद्दल मी आपल्याला शिकवावे असा माझा अधिकार नाही. पण त्या उपचाराचे पडसाद आमच्या यंत्रावर दर चार तासांनी उमटतात, म्हणून दोन शब्द. झटका येत असेल किंवा शुद्ध नसेल तर 3 टक्के सोडियम क्लोराइडचे 100 ते 150 मिलिलिटर दहा-वीस मिनिटांत देणे आणि गरजेप्रमाणे ते पुन्हा देणे ही आज मान्य असलेली पद्धत आहे. युरोपातील 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत 150 मिलिलिटर 20 मिनिटांत असे सांगितलेले आहे. सोडियम 4 ते 6 ने चढले तरी मेंदूवरील संकट बहुधा टळते. झटका थांबवणारे बेंझोडायझेपिन जरूर द्यावे, पण पाण्याने सुजलेला मेंदू केवळ त्याने शांत होत नाही.

यापुढची पायरी अधिक निसरडी आहे. सोडियम 135 पर्यंत लवकरात लवकर पोहोचवणे हे यश वाटते. पण ज्या पेशींनी आठवडाभर खपून आपले रेणू बाहेर टाकले आहेत, त्यांना ते परत गोळा करायला वेळ लागतो, आणि त्याआधीच भोवतालचे रक्त दाट झाले तर मेंदूच्या खोडातील चेतातंतूंवरचे आवरण सोलून निघते. 1959 मध्ये अॅडम्स, व्हिक्टर आणि मॅन्कॉल यांनी मद्यपी आणि कुपोषित रुग्णांत या विकाराचे प्रथम वर्णन केले. सोडियमच्या घाईशी त्याचे नाते पुढे उलगडले. त्यातील क्रौर्य त्याच्या वेळापत्रकात आहे. रुग्ण शुद्धीवर येतो, बोलतो, नातेवाईक सुस्कारा सोडतात, आणि दोन ते सहा दिवसांनी त्याची वाचा जाते, गिळणे थांबते, हातपाय लुळे पडतात. म्हणून पहिल्या 24 तासांत 10 च्या वर, आणि मद्यपान, कुपोषण, यकृताचा आजार, कमी पोटॅशियम किंवा 105 व त्याखालचे सोडियम यांपैकी काही असेल तर 8 च्या वर चढू देऊ नये, असे म्हटले जाते. सलाइनमधून दिलेले पोटॅशियमही सोडियम चढवते, हे हिशेबात धरायचे राहून जाते. आणि कारण दूर झाल्यावर, म्हणजे थायझाइड थांबले किंवा उलट्या थांबल्या की, मूत्रपिंडे एकदम पातळ लघवी सोडू लागतात आणि सोडियम आपोआप उसळते. तासाला 100 मिलिलिटरच्या वर लघवी होऊ लागली, तर ती पिशवी बघणारी परिचारिका आमच्या यंत्राच्या आधी धोका ओळखते. तिने सांगितलेले ऐकावे, आणि पुढचे रक्त चार तासांची वाट न पाहता पाठवावे.

मूत्रपिंडांचा विषय निघालाच आहे तर : लघवीचा नमुनाही सलाइनच्या आधीचाच हवा. लघवीतील सोडियम आणि तिची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, या दोन आकड्यांवरून कारणांची निम्मी यादी खोडता येते. दोन लिटर सलाइन गेल्यानंतर घेतलेली लघवी फक्त आपण दिलेल्या सलाइनबद्दल बोलते.

आता त्या ट्यूबकडे वळते, कारण माझा खरा अधिकार तिथपर्यंतच आहे. मागे एकदा एका तरुण रुग्णाचा नमुना आला. सोडियम ठीक, पोटॅशियम 9 च्या वर, आणि कॅल्शियम इतके कमी की यंत्राने आकडा देण्याऐवजी मोजमापाच्या सीमेखाली असल्याची खूण दाखवली. अशा रक्ताचा माणूस जिवंत असणे कठीण; हा माणूस मात्र खाटेवर बसून फोनवर बोलत होता. घडले एवढेच होते, की जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जास्त गेलेले थोडे रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतले गेले. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त इडीटीए असते; ते रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते, मॅग्नेशियमही बांधते, आणि स्वतःचे पोटॅशियम त्यात सोडते. ओतलेले रक्त जास्त होते म्हणून चूक ओरडून समोर आली. दोन थेंब असते, तर कॅल्शियम थोडेसेच कमी दिसले असते आणि झटक्याचे कारण सापडल्याच्या आनंदात रुग्णाला शिरेतून कॅल्शियम दिले गेले असते. ट्यूबचा क्रम पाळणे आणि एका ट्यूबमधील रक्त दुसरीत न ओतणे, हे झटक्याच्या रुग्णात केवळ शिस्तीचे नाही, निदानाचे काम आहे. ज्या हातात सलाइन चालू आहे त्याच हातातून वरच्या बाजूने घेतलेले रक्त, पट्टा फार वेळ घट्ट बांधून ठेवल्यामुळे खोटे वाढलेले कॅल्शियम, झटापटीत घेतल्यामुळे फुटलेल्या तांबड्या पेशी आणि त्यांतून सांडलेले पोटॅशियम, यांच्याही कहाण्या आहेत. त्या सांगत बसत नाही.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. आपल्या विभागातील रक्तवायू मोजणारे यंत्र आणि आमचे मोठे यंत्र यांनी सोडियमचे वेगवेगळे आकडे दिले, तर आपण सहसा आमच्यावर विश्वास ठेवता. एका परिस्थितीत तो ठेवू नये. रक्तात चरबी किंवा प्रथिने प्रचंड वाढलेली असली, तर नमुना पातळ करून मोजणाऱ्या आमच्या यंत्राला सोडियम खोटे कमी दिसते. आपले रक्तवायूचे यंत्र नमुना पातळ करत नाही, म्हणून त्याचा आकडा खरा असतो. साखर फार वाढल्याने कमी झालेले सोडियम हा निराळा प्रकार; तिथे आकडा खराच असतो, पण साखर उतरू लागली की तोही आपोआप वर येतो.

कॅल्शियम हा या पत्राचा दुसरा गाभा आहे, कारण सोडियम निदान तपासले तरी जाते. चेतापेशीच्या पडद्यावरची सोडियमची दारे सहज उघडू नयेत यासाठी बाहेरचे कॅल्शियम पहारा देते. ते कमी झाले की पेशी क्षुल्लक कारणाने पेटते. आम्ही मोजतो ते एकूण कॅल्शियम, साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्यातील निम्म्याहून थोडे कमी प्रथिनांना चिकटलेले असते, म्हणून अल्ब्युमिन 4 ग्रॅमच्या खाली जितके ग्रॅम कमी असेल, तितके गुणिले 0.8 अशी भर घालून बघावे लागते. त्यापेक्षा आयनीकृत, म्हणजे कशालाही न चिकटलेले मोकळे, कॅल्शियम थेट मोजलेले केव्हाही बरे, आणि आपले रक्तवायूचे यंत्र बहुधा ते मोजतेच. रुग्ण घाबरून भराभर श्वास घेत असेल तर रक्त आम्लारीकडे झुकते आणि आयनीकृत कॅल्शियम आणखी उतरते. उलट झटका नुकताच थांबला असेल तर लॅक्टिक आम्लामुळे ते असते त्यापेक्षा थोडे वर दिसते.

ज्या रुग्णामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तो रुग्ण पन्नाशीतला होता आणि त्याला आमच्या रुग्णालयात आलेला झटका हा त्याचा पहिला नव्हताच. पहिला दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे आला होता. तिथे सोडियम आणि पोटॅशियम तपासून 'सर्व रक्ततपासण्या ठीक' असे लिहिले गेले आणि फेनिटॉइन हे झटकारोधक औषध सुरू झाले. पुढच्या दोन वर्षांत झटके वाढत गेले, गोळ्यांची मात्राही वाढत गेली. कोणीतरी सहज म्हणून कॅल्शियम मागितले. ते 5.4 निघाले. मी खाली जाऊन त्याला पाहिले. मानेच्या खालच्या घडीत, हाराच्या रेषेवर, थायरॉइडच्या जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण होता, इतका पांढरा आणि बारीक की कॉलरखाली तो कोणालाही दिसू नये. रक्तदाबाचा पट्टा त्याच्या वरच्या दाबापेक्षा थोडा अधिक फुगवून ठेवला. तीन मिनिटे पुरी होण्याआधीच त्याचे मनगट वाकले, बोटे ताठ राहून एकमेकांना चिकटली आणि अंगठा तळहाताकडे ओढला गेला. ट्रूसो यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णन केलेली ही खूण पाहण्यासाठी प्रत्येक खाटेशी असलेल्या पट्ट्याखेरीज दुसरे काही लागत नाही. चेहऱ्यावर टिचकी मारून पाहण्याची च्व्होस्टेक यांची खूण अधिक प्रसिद्ध आहे, पण ती निरोगी लोकांतही सापडते, म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. इसीजीत क्यूटी अंतर लांबलेले होते, कमी कॅल्शियमची ती एक खूण. तो इसीजी दोन वर्षांपूर्वीही काढलेला होता आणि त्यातही ते लांबलेलेच होते.

शस्त्रक्रियेत थायरॉइडला लागून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या परावटू ग्रंथी गेल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, की कॅल्शियम उतरते. कधी दोन दिवसांत, कधी कित्येक वर्षांनी. आणि फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही औषधे यकृतात ड जीवनसत्त्वाचा निकाल लवकर लावतात, म्हणजे कॅल्शियम आणखी खाली ढकलतात. झटके थांबावेत म्हणून दिलेली गोळीच झटक्याचे मूळ खोल करत होती, आणि प्रत्येक नव्या झटक्यानंतर तिची मात्रा वाढत होती. त्या पहिल्या विभागातील कोणालाही मी दोष देत नाही. अर्जावर छापलेल्या चौकोनांत कॅल्शियमचा चौकोनच नव्हता. मानेवरचा व्रण, मूत्रपिंडाचा जुना आजार, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेले डेनोसुमॅबचे इंजेक्शन, स्वादुपिंडाचा दाह, हातापायांत मुंग्या आणि पेटके, यांतील एक जरी असले तरी हा विचार मनात यायला हवा.

मॅग्नेशियमची अवस्था याहून बिकट आहे, कारण ते मागण्याची पद्धतच नाही. चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहकांच्या छिद्रात मॅग्नेशियम बुचासारखे बसलेले असते. ते निघाले की उत्तेजनाला मोकळे रान मिळते. सीरममधील मॅग्नेशियम 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले की झटक्याचा धोका खरा मानावा. दीर्घकाळचे मद्यपान, सततचे जुलाब, लघवीच्या गोळ्या, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन ही कारणे आपल्याला ठाऊक आहेत. लक्षात येत नाही ती आम्लपित्तावरची, वर्षानुवर्षे सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी प्रोटॉन पंप रोधक गोळी. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये तिच्याबद्दल इशारा दिला, तेव्हा नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नव्हते, गोळीच थांबवावी लागली होती. रुग्ण ही गोळी 'औषध' म्हणून मोजतच नाहीत, म्हणून "काही औषधे घेता का?" या प्रश्नाला ते खुशाल "नाही" म्हणतात. शिवाय मॅग्नेशियम फार कमी असले की परावटू ग्रंथी आपले संप्रेरक सोडत नाहीत आणि कॅल्शियमही उतरते. अशा रुग्णाला कॅल्शियम कितीही दिले तरी ते टिकत नाही, मॅग्नेशियम भरावे लागते. कॅल्शियमचा चौकोन असून मॅग्नेशियमचा नसेल, तर कोडे अर्धेच दिसते.

वाढलेल्या सोडियमचा झटका क्वचित येतो, आणि आलाच तर बहुधा आपण ते घाईने उतरवल्यामुळे येतो. साखर हा क्षार नव्हे, पण बोटाला सुई टोचून ती पाहण्याआधी या पत्रातील काहीही करू नये. गरोदरपणाच्या उत्तरार्धात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत आलेला झटका क्षारांचा नसून आकडीचा, म्हणजे एक्लॅम्प्सियाचा, समजूनच चालावे.

आता आपला आक्षेप. अमेरिकेतील चेतातज्ज्ञांच्या अकादमीने 2007 मध्ये म्हटले होते, की चिथावणीशिवाय आलेला दिसणाऱ्या पहिल्या झटक्यात सरसकट रक्ततपासण्या कराव्यात किंवा करू नयेत, यांपैकी कशालाच पुरेसा आधार नाही. रुग्णाच्या परिस्थितीनुसार ठरवावे. आकस्मिक तज्ज्ञांच्या 2004 च्या सूचनांतही, पूर्वी निरोगी असलेल्या आणि पूर्ण शुद्धीवर आलेल्या प्रौढात साखर आणि सोडियम, आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रीत गर्भधारणेची चाचणी, एवढेच पुरेसे मानले आहे. त्या सूचना चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही. तरुण, धडधाकट, औषधे न घेणाऱ्या माणसात कॅल्शियम-मॅग्नेशियम बहुतेक वेळा ठीकच येणार. पण 'परिस्थितीनुसार ठरवावे' यात परिस्थिती विचारलेली असणे गृहीत आहे, आणि पहाटे चार वाजता, शेजारच्या खाटेवर दुसरा रुग्ण धाप लागून बसलेला असताना, मानेवरचा व्रण कोणी कॉलर बाजूला करून पाहत नाही. जिथे प्रश्न विचारायला वेळ नाही, तिथे दोन जास्तीच्या चाचण्या हा स्वस्तातला पर्याय आहे, असे माझे मत आहे. जिथे वेळ आहे, तिथे प्रश्न विचारा आणि चाचण्या वाचवा. माझी हरकत नाही.

आणि उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. सोडियम 131 आले म्हणून झटक्याचे कारण सापडले, असे मानून मेंदूचे चित्र न काढता रुग्णाला घरी पाठवलेले मी पाहिले आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेने 2010 मध्ये झटका चयापचयामुळे आला असे म्हणण्यासाठी जे उंबरे सुचवले, ते असे : झटक्याच्या 24 तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात सोडियम 115 च्या खाली, कॅल्शियम 5.0 च्या खाली, मॅग्नेशियम 0.8 च्या खाली, साखर 36 च्या खाली. हे उंबरे मुद्दाम कडक ठेवलेले आहेत. त्यांच्या वर झटका येतच नाही असा त्यांचा अर्थ नाही, झपाट्याने घसरलेले 121 सोडियमही पुरेसे असते. पण सौम्य बिघाडावर झटक्याचे खापर फोडू नये हा त्यांतील इशारा खरा आहे. मेंदूतील रक्तस्राव, मेंदूज्वर आणि गाठ हे आजार स्वतःच सोडियम उतरवतात. तिथे कमी सोडियम आणि झटका ही एकाच घरची दोन भावंडे असतात. झटक्यानंतर लगेच बायकार्बोनेट खाली आणि लॅक्टेट वर दिसणे हे तर झटक्याचेच फळ आहे. तो आकडा सुमारे तासा-दीड तासात सावरायला हवा. पुन्हा रक्त पाठवून पाहावे, आणि सावरला नाही तर मात्र विषबाधेपासून जंतुदोषापर्यंत सगळे उकरून काढावे.

अर्जाच्या बाबतीत माझी विनंती तीन रकाने वाढवण्याची आहे. झटका किती वाजता आला आणि नमुना किती वाजता घेतला, हा एक. नमुन्याआधी शिरेतून काय आणि किती गेले होते, हा दुसरा. गेल्या तीन महिन्यांत सुरू झालेली किंवा वर्षानुवर्षे चालू असलेली औषधे, आम्लपित्ताच्या गोळीसकट, हा तिसरा. डिस्चार्ज कार्डावर 'अपस्मार' याऐवजी 'सोडियम 111 असताना आलेला पहिला झटका. कारण : थायझाइड. औषध बंद' असे एक वाक्य लिहिले, तर पुढच्या डॉक्टरला शोध पहिल्यापासून करावा लागणार नाही, आणि तीच गोळी दुसऱ्या ब्रँडच्या नावाने परत सुरू होणार नाही.

आमच्या बाजूने मी एवढे कबूल करते. 'पहिला झटका' असे लिहून आलेल्या नमुन्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मागितलेले नसले तरी, उरलेल्या सीरममधून ते करावे का, हे आम्ही फोन करून विचारू. इडीटीएची भेसळ किंवा सलाइनची भर वाटली तर आकडा गुपचूप छापणार नाही, नवा नमुना मागू. चरबीने दुधाळ दिसणाऱ्या सीरमचे सोडियम आपल्या यंत्रावर तपासून घ्या, असे अहवालावरच लिहू. आणि आमचाही एक दोष कबूल करते : एकदा 109 सोडियमचा आकडा मी आकस्मिक विभागाला कळवला तेव्हा रुग्ण वरच्या मजल्यावर हलवला गेला होता, फोन घेणाऱ्याने "सांगतो" म्हटले, मी वहीत वेळ टाकली आणि माझे काम संपले असे समजले. तो आकडा वर पोहोचायला पावणेदोन तास लागले, आणि त्या काळात रुग्णाला दुसरा झटका येऊन गेला. तेव्हापासून रुग्णाची प्रत्यक्ष काळजी घेणारी व्यक्ती फोनवर आल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. त्यासाठी अर्जाच्या कोपऱ्यात त्या व्यक्तीचे नाव आणि जिथे ती सापडेल तो क्रमांक वाचता येईल अशा अक्षरात लिहावा, आणि रुग्ण हलवला की तो क्रमांक बदलल्याचे आम्हाला कळवावे.

आपली नम्र,
जीवरसायन प्रयोगशाळेतील रात्रपाळीची डॉक्टर